उसने मासे

८ सप्टेंबर, सोमवार

रुचिरा, रत्नागिरीला पोचलो. हायवेनं हाडं खिळखिळी केली, पण काचेची टाकी एकही तडकली नाही. टेम्पोवाला म्हणाला, शेट, माणसं नेतानासुद्धा मी एवढं सांभाळून चालवलं नव्हतं. त्याला माळनाक्यावर मिसळ खाऊ घातली, खूश होऊन गेला.

ही वही तू दिलीस म्हणून लिहितोय. तुझं म्हणणं, मी फोनवर नुसतं 'सगळं मस्त' म्हणतो आणि ठेवून देतो. तर लिहून ठेव, दिवाळीत आल्यावर वाचीन, म्हणालीस. बरं तर, वाच.

गाळा झकास आहे. रस्त्याला तोंड, समोर शाळेच्या गाडीचा थांबा. म्हणजे पोरं आईचा हात धरून रोज आपल्या काचेसमोर उभी राहणार. पोरानं काचेला बोट लावलं की निम्मा सौदा झाला, हे मी कुर्ल्याच्या बाजारात शिकलो. मागे मोरीची एक अंधारी खोली आहे, माझ्या कामाला तेवढी पुरे. वर आपल्याला राहायला दोन खोल्या. खिडकीतून समुद्र दिसतो असं मालक म्हणतात. मला तर नारळाचे शेंडेच दिसले, पण समुद्र ऐकू येतो.

मालक म्हणजे रावजी, एसटीत कंडक्टर होते. भाड्याचं बोलताना आत जाऊन बायकोशी कुजबुजले. मी ओट्यावर बसून सगळं ऐकलं आणि ते बाहेर आल्याबरोबर, बाई शेवटी ज्या आकड्यावर थांबली होती तोच बोललो. रावजी गार! म्हणाले, तुम्ही माणूस आहात की मांजर? मी म्हटलं, देवरूखच्या डोंगरातला भागोजी आहे, तिकडे मोबाइल नव्हते तेव्हा आम्ही पलीकडच्या वाडीतलं भांडण कानानंच बघायचो.

पाटी रंगवायला टाकली. 'मनस्वी मत्स्यालय.' मनूला आत्ताच सांगू नको.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्षात दुकान उघडायचं नाही असं रावजींच्या बायकोनं बजावलंय. बरंच झालं, तयारीला वेळ मिळाला. टाक्या भरल्या, पाणी मुरवलं. काल एका पंपाचा आवाज मला जरा घोगरा वाटला. रावजींना काही वेगळं ऐकू येईना. उघडला तर आतली रबरी चकती फाटत आलेली!

एक गोष्ट मात्र बिघडली. कोलकात्याहून मागवलेले काचमासे वाटेतच मेले, पिशव्याच्या पिशव्या. काचमासा तुला माहीत आहे, आरपार दिसतो तो. काटा मोजून घ्यावा, पोटात काय खाल्लं ते बघून घ्यावं, असा. त्याच्या पाठीत रंग भरला की तो 'डिस्को' होतो, आणि डिस्कोशिवाय दुकानाचा मुहूर्त म्हणजे बँडशिवाय वरात.

रावजी म्हणाले, असला मासा तर आमच्या काजळी नदीत ढिगानं आहे, कुणी खातसुद्धा नाही. उद्या स्कूटर घेऊन जातो.

१४ सप्टेंबर, रविवार

सापडले. आणि कसे सापडले!

काजळीच्या वरच्या अंगाला, भाताच्या खाचरांतून उतरल्यावर, जांभ्या कातळात एक खोल कोंड, म्हणजे डोह, आहे. पाणी इतकं निवळ की तळाचे गोटे दिसतात. आधी वाटलं आत काहीच नाही. मग ऊन फिरलं आणि सगळं पाणी डोळ्यांनी भरलं. नुसते डोळे, जोडी-जोडीनं. बाकीचा मासा दिसतच नव्हता.

जाळं सोडणार तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं. हौसा नावाची म्हातारी. भोयांच्या वाडीतली, मासळीची पाटी घेऊन रत्नागिरीच्या बाजारात बसते. तिनं आधी माझ्या आईपासून सुरुवात केली, मग आजीवर गेली. मी हात जोडून हसत राहिलो. बाईचा राग उतरेपर्यंत हसत राहायचं, हे तुझ्यावरच शिकलोय.

राग उतरल्यावर तिनं सांगितलं की हा राखण्याचा कोंड. राखण्या म्हणजे या जागेचा राखणदार. इथला मासा कुणी धरत नाही. पुरात चुकून जाळ्यात आला तर हात ओला करून अलगद परत सोडतात. पूर्वी वाडीत लग्न असलं की काठावर गाऱ्हाणं घालून मागायचं, सकाळी कोंडातून तांब्या-पितळेची भांडी वर आलेली असायची. कार्य झालं की जशी नेली तशी परत. मग एका हुशारानं चांगली परात घरात ठेवली आणि बाजारातली दुसरी आणून बुडवली. तेव्हापासून भांडी बंद.

ही गोष्ट मला नवी नाही, आमच्या डोंगरातही एका तळ्याची अशीच सांगायचे. मी विचारलं, मग उसनं नेणं चालतं तर? म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, मागणाराच कुणी उरला नाय बावा, पुरुष सगळे मुंबईला. आता गाऱ्हाणं घालायचं तर मीच हाय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

घेऊन आलो! रीतसर, वाडीच्या साक्षीनं, कुणाची तक्रार नाही.

नारळ ठेवला, विडा ठेवला. हौसा म्हणाली, मागणारा तू, तर बोल तूच. लहानपणी ऐकलेलं सगळं आठवलं आणि जिभेला काय, हाडच नाही. म्हटलं, बा राखणदारा, तुझी ही लेकरं माझ्या धंद्याच्या मुहूर्ताला थोडे दिवस नेतोय. जशी नेतोय तशी आणून घालीन. काही चुकलं-माकलं तर माझ्या अंगावर घेईन. हौसानं लांब सुरात 'होय महाराजा' म्हटलं आणि डोळ्याला पदर लावला. म्हणाली, आमच्या हयातीत राखण्याला कुणी काय मागितलं नव्हतं, तू त्याचा मान राखलास.

खरं सांगू? परत कोण आणतोय. देव काही पावती फाडत नाही. पण वाडी खूश, मी खूश.

एक गंमत झाली. जाळं टाकावंच लागलं नाही. बादली पाण्यात आडवी धरली आणि ते रांगेनं आपणहून आत आले. हौसानं ते कोळणीच्या हिशेबानं विसाविसानं मोजून दिले.

१८ सप्टेंबर, गुरुवार

काम सुरू. ओल्या फडक्यावर मासा आडवा घ्यायचा, इन्सुलिनच्या बारीक सुईनं काट्याच्या वर, पाठीच्या दोन्ही अंगांना टोचायचं, रंग सोडायचा. गुलाबी, हिरवा, निळा, केशरी. हात बसलेला आहे, चहा निवायच्या आत रांग संपते.

तू या कामावर नाक मुरडतेस ते मला माहीत आहे. मनूचे कान टोचले तेव्हा सोनारासमोर तिला मीच धरलं होतं ना? किती रडली! आणि आता कुड्यांशिवाय शाळेत जात नाही. आपण सुरमई तळताना रडतो का? इथं तर मी त्याला साध्याचा सुंदर करतो. रंग दोन-तीन महिन्यांनी उतरतो, काही मासे आजारी पडतात, कबूल. पण गिऱ्हाईक तोवर दुसरा मासा घ्यायला आलेलंच असतं. आणि माशाला आवाज नसतो, ही या धंद्यातली मोठी सोय आहे. बकऱ्याचा धंदा माझ्या कानांना जमला नसता.

एक नवल लिहून ठेवतो. सुईनंतर नेहमी बरेच दगावतात. या खेपेला एकही नाही. कोंडाचा मासा चिवट!

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. दुकान उघडलं! शाळेची गाडी सुटली आणि काचेवर बोटंच बोटं. मी एकेका पोराला नाव विचारतो आणि मग, कुठला रंग? आईला विचारायचंच नाही. पोरानं रंग सांगितला की आईची पर्स आपोआप उघडते.

वेदिका नावाची एक मुलगी आली, मत्स्यशास्त्र शिकते म्हणे. टाकीला नाक लावून बराच वेळ बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, काका, हे टोचलेले आहेत, हे पाप आहे. मी म्हटलं, ताई, आधी चहा घ्या, पाप थंड होत नाही. सगळे हसले. तीही हसली असती, पण नाही हसली. म्हणाली, तुम्हाला कुणी असं टोचलं तर? मी म्हटलं, सरकारनं टोचलंच की दोनदा, वर सर्टिफिकेट दिलं. पुन्हा हशा. ती गेली.

मनूच्या वाढदिवसाला एक गुलाबी पाठवतोय. रावजींचा भाचा आज मुंबईला निघालाय, पिशवीत हवा भरून त्याच्याजवळ दिलीय. सर्वांत देखणा काढलाय. तिला सांग, बाबानं स्वतः रंगवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दुकानाला तोरण, गिऱ्हाईकांना सोनं वाटलं, पेढे वाटले.

दुपारी हौसा आली. डोक्यावर रिकामी पाटी, हातात आपट्याची पानं. मला सोनं द्यायला आली होती बिचारी. पान माझ्या हातात ठेवता ठेवता तिचं लक्ष टाकीकडे गेलं.

ओरडली नाही. ओरडली असती तर मी हसून वेळ मारून नेली असती. पाटी खाली ठेवून टाकीसमोर बसली. मासे सगळे तिच्या बाजूला आले. तिनं काचेला हात लावला नाही, आपल्याच तोंडाला लावला. मग म्हणाली, ह्या तोंडानं मी तुझ्यासाठी होय महाराजा म्हटलंय. कोजागिरीच्या आत आणून घाल. जसे नेलेस तसे.

मी म्हटलं, मावशी, रंग आपोआप उतरतो, थोडं थांबा. ती म्हणाली, बरं होऊन येतील ते. नेले तसे कसे होतील?

आपट्याचं पान माझ्या हातातून परत घेऊन गेली.

५ ऑक्टोबर, रविवार

मिटवलं प्रकरण. पूर्णगडच्या खाडीत पाग टाकून मासे धरणाऱ्या एका पागऱ्याकडून तेवढेच साधे काचमासे घेतले. मासा तोच, जात तीच, माझी बायकोसुद्धा ओळखणार नाही मग राखण्या कुठला. नारळ वाढवला, मासे सोडले, हात जोडले.

हौसा काठावर उभी होती. 'होय महाराजा' म्हणायची तिची पाळी आली. तोंड मिटून राहिली. अख्ख्या कोंडावर इतकं गप्प झालं की मला माझंच रक्त ऐकू आलं.

आणि ते मासे तळाला गेले नाहीत. सगळे काठाला चिकटून, तोंडं बाहेर करून थरथरत राहिले. परक्या घरात उंबऱ्यावर उभं केल्यासारखे.

हौसा एवढंच म्हणाली, परातीवाल्यानं पण असंच केलं व्हतं. मग माझ्याकडे पाठ करून पाण्याशी बोलायला लागली. हळू बोलत होती, पण माझे कान तुला माहीत आहेत. म्हणत होती, ह्यानं अंगावर घेईन म्हटलंय. मी साक्षीला हाय. घे, महाराजा.

म्हातारीचा त्रागा. येताना नाचण्याची भाकरी आणि खेकड्याचा रस्सा हाणला. झोप छान लागेल.

८ ऑक्टोबर, बुधवार

पाठीला काहीतरी चावलंय. कण्याच्या दोन्ही अंगांना, ठिपके काढल्यासारखं. रावजींना दाखवलं. ते म्हणाले ढेकूण. ढेकूण असा ओळीत चावतो?

आणि आज गिऱ्हाईक परत आलं. एका बाईनं पिशवी टेबलावर ठेवली, रंग गेला म्हणून. बघतो तर मासा पाण्यासारखा स्वच्छ. नुसता रंग उतरलेला नाही. सुईचा डागसुद्धा नाही, भोकसुद्धा नाही. कधी टोचलाच नव्हता असा. दुसरा देऊन गोड बोलून पाठवलं.

दुकानातल्या टाकीतही केशरी एक रांग कमी वाटतेय.

११ ऑक्टोबर, शनिवार

रोज येतायत लोक. सगळ्यांचे मासे निवळ झाले. एक आजोबा म्हणाले, रंगाचा मासा म्हणून हवेचा मासा विकलात की हो. सगळे हसले. मीही हसलो, पण हात काउंटरखाली ठेवून.

नखं. डाव्या हाताची नखं आधी काचेसारखी झाली. मग बोटांची पेरं. ट्यूबलाइटसमोर हात धरला तर आतलं हाड दिसतं, शीर दिसते, शिरेतून जाणारं दिसतं. आणि ते लाल नाही. आज केशरी होतं.

कातडीच्या डॉक्टरनं बराच वेळ माझा हात धरून ठेवला. मग सोडला आणि स्वतःचे हात धुतले. म्हणाला, कोल्हापूरला दाखवा.

टोचणं दिवसाढवळ्या होतं. काउंटरवर उभा असतानाच. आधी पाठीला ओलं फडकं लागल्यासारखा गारवा, मग सुई, मग आत काहीतरी पसरत जातं. मागे वळतो तर कुणी नाही. दुकानभर पोरं, काचेला बोटं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

डोकं शांत ठेवून विचार केला. आजवर कुठल्या अडचणीतून बाहेर पडलो नाही?

मी बोललो होतो अंगावर घेईन. राखण्या ते घ्यायला लावतोय. रंग माझ्या अंगावर येतो आणि मासे होते तसे होतात. म्हणजे आता मी त्यांना खरोखरच जसे नेले तसे परत देऊ शकतो! सगळे गोळा करायचे, नेऊन सोडायचे, सुटलो.

दारावर फळा लावला: रंग गेलेला मासा आणा, बदल्यात दोन सोनमासे घेऊन जा. रांग लागली. रावजी म्हणाले, धंदा आहे की धर्मशाळा? मी लांब बाह्यांचा शर्ट, गळ्याला मफलर. ऑक्टोबरच्या उकाड्यात.

वेदिका आली होती. तिच्याजवळही एक होता, कुणाकडून तरी अभ्यासाला घेतलेला. माझ्या हातात पिशवी देताना माझी बोटं दिसली तिला. मी म्हटलं, ताई, चहा? माझा आवाज घशात अर्धा राहिला. ती पाण्याची पिशवी माझ्या हातात नीट ठेवून मागे मागे गेली.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सगळे आले. विसाविसानं मांडून मोजले. एक कमी.

आठवलं.

रुचिरा, आत्ताच तुला फोन केला होता. म्हटलं, येताना मनूचा मासा घेऊन ये. जपून आण. तू हसलीस, म्हणालीस, बरण्या घेऊन गाडीत बसू का मी? मी ओरडलो तुझ्यावर. कधी ओरडत नाही. पण आवाज कमी पडत होता ग, म्हणून. तू क्षणभर गप्प झालीस. त्या गप्प होण्यात काहीतरी होतं, मला ऐकू आलं, कळलं नाही.

हौसाच्या पायावर जाऊन पडलो बाजारात. तिनं पाटीतले बांगडे हलवले, माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, बाजूला हो शेट, गिऱ्हाईक थांबलंय. मग म्हणाली, तुझ्या दुकानात ते टाकीतून बघत व्हते तेव्हा तू काय म्हणायचास? कुठला रंग?

सगळ्या कोळणी हसल्या. मी खूप वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी हसण्यावर हसू शकलो नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कोपरापर्यंत. पोटावर पण. काल जेवलेला भात दिसतो.

ऐकू येतं आता. मी म्हणायचो आवाज नसतो. असतो. सुई आत जाताना असतो. फार बारीक असतो, दोन पंपांच्या आवाजामध्ये जागा असते तिथं. त्या वेळी पण असणार. इतके कान असून—

पंप बंद केले. तरी येतो. माझ्यातून येतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार

तुम्ही आलात. मनू रिक्षातून उडी मारून आली, छातीशी बरणी. बाबा, गाडीत मी झोपलेच नाही, याला धरून बसले. मी तिला जवळ घेतलं नाही. सर्दी आहे म्हटलं. रुचिरा, तू मफलरकडे बघत होतीस.

बरणी उजेडात धरली. मासा गुलाबी.

अजून गुलाबी. बाकी सगळे निवळले आणि हा—

म्हटलं उतरेल. संध्याकाळपर्यंत उतरेल. मी तरी सगळे रंग घेतले, हा एक का नाही आला माझ्यावर. यावा. ये रे.

मग जिन्यात तुझा आवाज. रावजींच्या बायकोशी, अगदी हळू. तुला वाटलं मी मोरीत आहे. पहिला तिसऱ्याच दिवशी गेला हो, पोर रडेल म्हणून शाळेतून यायच्या आत कल्याणहून दुसरा आणला, तसाच गुलाबी, तिला कळलंच नाही.

तसाच.

तुला दोष नाही रुचिरा. मी पण तेच केलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

कोंड. कातळावर बसून लिहितोय. पेन धरवतं, पेन दिसतं, बोटं दिसत नाहीत.

सोडले सगळे. हात ओले करून, एकेक. सरळ तळाला गेले. घरी गेल्यासारखे. पूर्णगडवाले अजून काठाला आहेत, बिचारे.

एक जागा रिकामी ठेवून फिरतायत. गोल. मधे एकाची जागा.

हौसा उभी आहे. म्हटलं मावशी, एकच कमी आहे, एवढं— ती म्हणाली, मोजून दिले व्हते. मोजून घेणार.

पाय पाण्यात आहेत. काढता येत नाहीत. पाय आहेत की नाहीत—

रिक्षा वाजली वर. तुझ्या बांगड्या. मनूच्या चपला, पळतेय. रावजींनी सांगितलं असणार. रुचिरा, तिला धर. खाली येऊ देऊ नको. तिला पाण्यात हात घालायची सवय—

हौसा गाऱ्हाणं घालतेय. माझं नाव. माझ्या आजोबांचं नाव. ह्यानं अंगावर घेतलंय महाराजा—

खालून म्हणाले. सगळे. होय महाराजा. तुम्हाला ऐकू नाही आलं? एवढ्यानं म्हणाले—

मनू काठावर. बाबा कुठंयत विचारते. समोर आहे मी. मनू. समोर. ओरडतोय, तोंड उघडतं, मिटतं, उघड—

आई, हा बघ, ह्याचं सगळं आतलं दिसतं—

वाकली. मनूचा हात केवढा—